चॅनेलखालची पाचवी जागा

तेवीस जानेवारीला दुपारी सव्वाबारा वाजता, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, मी सात माथाडी कामगारांसोबत बारा मीटर लांबीच्या लोखंडी चॅनेलखाली, म्हणजे बांधकामाच्या तुळईखाली, खांदा लावून चाललो. माझा खुबा बदलल्याला तेव्हा बरोबर अकरा आठवडे झाले होते.

असं काहीही झालेलं नाही. फिजिओथेरपिस्ट ऋता मॅडमना मी तसं तोंडी सांगितलंय, कंपनीच्या डॉक्टरांना लेखी आणि आईला तिच्याच डोक्यावर हात ठेवून. आपणही तेच धरून पुढे जाऊ.

तर, सात नोव्हेंबर. माझं वय अठ्ठावीस. माझ्या वयाची मुलं नवी बाईक घेतात, मी नवा खुबा घेतला. कोविडमध्ये मला जी स्टेरॉइड्स दिली त्यांनी जीव वाचवला आणि जाताना डाव्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा सुकवून ठेवला. डॉक्टरांनी तो काढून धातूचा बसवला. एक्स-रेमध्ये तो गाडीच्या गिअरसारखा दिसतो. मी तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. पंचवीस जणांनी हात जोडले, एका काकांनी ‘हॅपी बर्थडे’ लिहिलं.

मी न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात कंटेनर सर्व्हेअर आहे. परत आलेल्या रिकाम्या कंटेनरला कुठे पोचा पडलाय, कुठे गंज चढलाय, दार नीट लागतं का, हे फिरून बघायचं आणि लिहायचं. दिवसाला नऊ-दहा किलोमीटर चाल. मला हे काम फार आवडतं. माणसं काहीही सांगतात. पत्रा जिथे चेपलाय तिथेच चेपलेला असतो.

मॅनेजर भेटायला आले तेव्हा पेढे घेऊन आले आणि पलंगाशी उभं राहून म्हणाले, “सत्तावीस जानेवारीला कंपनीचे डॉक्टर यार्डात येणारेत. त्यांच्यासमोर शंभर मीटर नीट चाललास, सोबत फिजिओचा ‘चाल नॉर्मल’ असा रिपोर्ट असला, तर यार्ड तुझं. नाहीतर गेटवर बस. खुर्ची आहे, पंखा आहे.”

मी पेढा खाल्ला आणि ठरवलं की मी त्या खुर्चीत मरेपर्यंत बसणार नाही.

आम्ही कामोठ्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी आणि आई. आई बेलापूरला बँकेत जाते. ऋता मॅडम दिवसाआड दहा वाजता यायच्या. त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण हातात माझा पाय असल्यामुळे मी त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांचे नियम भिंतीवर चिकटवले होते: मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, वाकून मोजे घालायचे नाहीत.

“टाच, पंजा. टाच, पंजा. अभिराम, खाली नको बघू. जमीन आहे तिथेच आहे.”

हॉलमधून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत अकरा पावलं. पहिल्या दिवशी वॉकरने मला सात मिनिटं लागली आणि पोचल्यावर मी आईकडे असा चहा मागितला, जणू घाट चढून आलोय. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. आठव्या दिवशी दीड. मी तो आलेख काढून फ्रीजवर लावला. चालणं ही किती भन्नाट गोष्ट आहे हे चालणाऱ्यांना माहीतच नसतं. एक पाय पुढे टाकायचा आणि दुसरा स्वतःहून येतो! फुकट!

“इतका खूश पेशंट मी पहिल्यांदा बघतेय,” मॅडम म्हणाल्या. “गोळ्या वेळेवर घेतोस ना? की जास्त घेतोस?”

पाचव्या आठवड्यात वॉकर गेला, काठी आली. सातव्या आठवड्यात मी काठी विसरून ओट्यापर्यंत गेलो आणि ओट्याला टेकून मोठ्याने हसलो. मग परत आलो. परत गेलो. दुखत नव्हतं. अजिबात. वेग तर ऑपरेशनच्या आधीपेक्षाही चांगला होता.

फक्त अकरा पावलांची आता सतरा होत होती.

मॅडमनी जमिनीवर टाल्कम पावडर पसरली आणि मला त्यावरून चालायला लावलं. मग टेप घेऊन एकेक पाऊल मोजलं. ऑपरेशनच्या आधीच्या नोंदीत माझं पाऊल अडुसष्ट सेंटिमीटरचं होतं. आता पंचेचाळीस. सगळी पंचेचाळीस. एकही चव्वेचाळीस नाही, एकही सेहेचाळीस नाही.

“कन्सिस्टन्सी बघा!” मी म्हणालो.

मॅडमनी मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला होता. तो त्या हळू करून बघत होत्या. गुडघे किंचित वाकलेले. डावा खांदा खाली, मान उजवीकडे. उजवा हात हलतोय. डावा वर, कानाजवळ, काहीतरी धरल्यासारखा. मला तो तिथे असल्याचं व्हिडिओ बघेपर्यंत माहीत नव्हतं.

“हे लंगडणं नाहीये,” त्या म्हणाल्या. “लंगडताना माणूस चुकतो. हे कुणीतरी नीट शिकलेलं चालणं आहे.”

“मग चांगलंच की.”

“तू कुठे शिकलास?”

मी उत्तर म्हणून ओट्यापर्यंत जाऊन आलो. चौदा सेकंद.

मग त्यांनी वजनकाटा मागवला. खुब्याच्या पेशंटला ऑपरेशनच्या पायावर किती भार टाकतो ते असं बघतात. नुसत्या उजव्या पायावर उभा राहिलो: एकसष्ट. नुसत्या डाव्यावर: चौऱ्याण्णव.

“धातूचा आहे ना,” मी म्हणालो.

“तेहतीस किलोचा?”

त्यांनी सेल बदलले. चौऱ्याण्णव. त्या स्वतः चढल्या, एका पायावर, मग दुसऱ्यावर, आणि उतरून म्हणाल्या, “माझं वजन तू बघितलेलं नाहीस.” मी म्हणालो, नाही बघितलं. पुन्हा मी चढलो. चौऱ्याण्णव. मॅडमनी रिपोर्टात तो आकडा लिहिला, थोडा वेळ पेन धरून बसल्या आणि खोडला.

डिसेंबरपासून आईने दुपारच्या स्वयंपाकाला राजाबाई मावशी लावल्या होत्या. जावळीकडच्या, पन्नाशीच्या, कळंबोलीत राहणाऱ्या. बोलणं कमी, भाकरी एक नंबर. नववा आठवडा, दुपारचा एक वाजलेला. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून भाकरी थापत होत्या. हॉलमधून मी निघालो. सतरा पावलं, अनवाणी.

मावशींनी मान वळवली नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, “आलासा व्हय? हात धुवा. वाढते.”

ते माझ्याशी नव्हतं. त्या मला दादा म्हणायच्या. हा आवाज दुसराच होता, सवयीचा, थोडा वैतागलेला.

मग त्या वळल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. पायांकडे बघत राहिल्या. तव्यावर भाकरी करपायला लागली, तिचा वास आला, तरी दोघांपैकी कुणी हललं नाही.

“मावशी, काय झालं?”

“काय न्हाई. जरा माघारी जावा. आन् परत या.”

मी गेलो आणि आलो. मला वाटलं कौतुक चाललंय, म्हणून जरा ऐटीतच.

“आमचं मालक असं चालायचं,” त्या म्हणाल्या. “ह्या बाजूचा खांदा पडलेला. लोखंड बाजारात, टोळीत हुतं.”

“आता कुठे असतात?”

“अकरा वरसं झाली. दुपारी डबा खाल्ला आन् वझ्याखाली गेलं.”

“मग?”

“मग काय. आजून आलं न्हाईत.” त्यांनी करपलेली भाकरी उतरवली, नवा गोळा घेतला. पनवेलला गेलेला माणूस तासभर उशिरा येतोय, इतक्याच आवाजात त्यांनी ते सांगितलं. कपाळावरचं कुंकू ताजं होतं.

त्या दिवसापासून माझं पान वाढताना त्या म्हणायच्या, “बसा की आता.” मला म्हणायच्या की पायाला, हे मी विचारलं नाही. मी उंच खुर्चीवर बसायचो, पण दोन मिनिटांत डावा पाय उठायचा. मी त्याच्याबरोबर उठायचो. नाइलाज होता, तो मला जोडलेला होता.

वीस जानेवारीला ऋता मॅडमनी बॅग उघडलीच नाही.

“मी खोटं लिहिणार नाही, अभिराम. रिपोर्टात ‘चाल नॉर्मल’ लिहायचं तर मला तुझी चाल दिसली पाहिजे. ही तुझी नाहीये. मोठं पाऊल टाक. आत्ता. अडुसष्टचं.”

मी टाकलं. खुब्यातून अशी कळ आली की मी भिंत धरली. दुसरं टाकलं आणि पडता पडता मॅडमनी धरलं. पंचेचाळीसचं टाकलं, काही नाही, लोण्यासारखं.

“तीन दिवस देते,” त्या म्हणाल्या. “कसं करायचं ते मला माहीत नाही. खरंच नाही.”

मावशी ओट्याशी सगळं ऐकत होत्या. मॅडम गेल्यावर हात पुसत बाहेर आल्या. “ज्याची हाय त्याला दिऊन या, दादा. टोळी आजून तितंच हाय. मी येते संगट.”

हा मला मिळालेला पहिला व्यवहार्य सल्ला होता.

तेवीस तारखेला आम्ही रिक्षाने गेलो. आईला सांगितलं, सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या मारून येतो.

लोखंड बाजारात सगळं तांबूस आहे. रस्ता, पानं, चहावाल्याची किटली, कुत्री. हवेत गॅस कटरचा वास आणि कुठेतरी सतत लोखंडावर लोखंड पडल्याचा घणघणाट. ट्रेलर उलटे येत होते, पिवळ्या हायड्रा क्रेन सोंड हलवत फिरत होत्या. मी हरखून गेलो. इतके पोचे, इतका गंज! माझ्यासारख्या माणसाला तिथे महिना पुरला नसता.

मावशी मला एका जुन्या गोडाऊनपाशी घेऊन गेल्या. बोळ इतका अरुंद की तिथे क्रेन शिरत नाही. तिथे अजून माणसांचा खांदा लागतो. एक टोळी लांबलचक चॅनेल आत नेत होती. छोटी छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, डावे खांदे खाली, सगळ्यांचे पाय एकदम पडणारे. मी डोळ्यांनी मोजलं. पंचेचाळीस.

माणसंही मोजली. चार. मग एक माणूस मावेल इतकी मोकळी जागा. मग तीन.

मुकादम विश्वजित माझ्याच वयाचा, कानात इअरफोन. मावशींना बघून त्याने तो काढला. “काकू? आज इकडं कुठं?” मग त्याला मी चालताना दिसलो. त्याने दुसराही काढला.

“ही मधली जागा का सोडता?” मी विचारलं.

“भैरूतात्याची आहे.” त्याने मावशींकडे एकदा पाहिलं. “तेव्हा आमचे अण्णा मुकादम होते. शिवराम मुकादम. मी बघायला नव्हतो, पण अख्ख्या बाजाराला माहितीये. आठ जणांनी उचललं. आत पोचले तेव्हा सात. पाचवा न्हाई. आणि भावा, वाटेत एकाच्यापण खांद्यावर वजन वाढलं न्हाई. आजपण सात जण उचलतो, आजपण आठाच्याच हिशोबानं लागतं. जागा भरायला दोनदा माणूस घातला. दोघांचे मणके गेले.”

“चॅनेल किती किलोचं?”

“दोनशे चौसष्ट.”

भागिले आठ, तेहतीस. चौऱ्याण्णव वजा एकसष्ट, तेहतीस. बारावीत गणितात पास झालो तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी विश्वजितचा हात धरून हलवला. “म्हणजे त्याचा वाटा तोच उचलतोय! अजून!”

“मग दुसरं कोण उचलणार?” विश्वजित म्हणाला. मी बावळट आहे असं त्याला वाटलं असावं.

“पण ठेवत का नाही?”

“शब्द मिळाला न्हाई.” तो हळू बोलायला लागला. “वझं आपल्या मनानं ठेवायचं नसतं. एकानं खांदा काढला की बाकीच्यांचे पाय जातात. मुकादम आकडा बोलतो आणि मग ठेवा बोलतो. आठ, ठेवा. ज्याच्या शब्दावर उचललं, त्याच्याच शब्दावर ठेवायचं. अण्णा मोजायला पक्के. त्या दिवशी वळून बघितलं तर सात दिसले. म्हणून ते बोलले, ‘सात, ठेवा.’ सातांनी ठेवलं.”

पदराने मावशींनी हातावरची तांबूस धूळ पुसली. पुन्हा पुसली.

यापुढचं काही झालेलं नाही, हे आपलं ठरलंय. म्हणून थोडक्यात.

टोळी पुढचं चॅनेल घेऊन आली. विश्वजितच्या शब्दावर सातांनी उचललं. चार माणसं, जागा, तीन माणसं. माझा डावा पाय हलला. मी त्याला थांब म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

मी त्या जागेत शिरलो.

जागा माझ्या मापाची नव्हती. माझ्याहून दोन बोटं बुटक्या माणसाची होती. गुडघे आपोआप तेवढे वाकले.

चॅनेल खांद्याला लागलं. थंड. दुपारी सव्वाबाराच्या उन्हात, थंड.

पावलं पडायला लागली. आठ जणांची, एकदम. असं चालणं मी जन्मात चाललो नव्हतो. जमीन खालून वर येऊन पायाला भेटत होती. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलोही असेन.

मागच्या म्हाताऱ्या गड्याने समोर न बघताच म्हटलं, “भैरू, मान सरळ ठेव.”

मी सरळ केली.

अठ्ठेचाळीस पावलांवर गोडाऊनचं तोंड. आत अंधार नव्हता. पत्र्यातून ऊन पडलं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

विश्वजितने मोजलं. त्याचा आवाज फाटला.

“आठ... ठेवा!”

आठ खांदे खाली आले. चॅनेल जमिनीला लागलं. घणघण थांबायला वेळ लागला.

मग माझ्या कानाशी कुणीतरी श्वास सोडला. ओझं ठेवल्यावर सोडतात तसा नाही. ते पुन्हा सावरून घेताना सोडतात, तसा.

आणि डावा पाय हलका झाला.

मी एक पाऊल टाकलं. लांब. दुसरं टाकलं. कळ नाही. दोन्ही हात हलत होते. अडुसष्ट! टेपची गरज नव्हती, आपलं पाऊल आपल्याला कळतं. मी बोळातून बाहेर असा आलो, असा आलो की हायड्रावाल्याने क्रेन थांबवून मला जायला दिलं. “मावशी! दिली! ज्याची त्याला दिली!”

मावशी माझ्याकडे बघत नव्हत्या. डोकं किंचित कलतं करून ऐकत होत्या. मी थांबलो. माझी पावलं थांबली. त्या अजून ऐकत होत्या. मग त्यांचं ऐकून झालं.

मी वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“आठच बोललो की,” विश्वजित पुटपुटला. “काकू, मी बरोबर आठ बोललो.”

“तुजा सबुद त्येंना न्हाई चालायचा, बाळा,” मावशी म्हणाल्या. “तुज्या बाचा लागंल.”

“अण्णा जाऊन चार वर्षं झाली, काकू.”

“म्हाईत हाय मला.”

रिक्षात मावशी कोपऱ्यात सरकून बसल्या. मी दुसऱ्या कोपऱ्यात बसलो. आरामात बसलो, दोन मिनिटांहून जास्त. मधली जागा आम्ही न ठरवता सोडली. रिक्षा कामोठ्यापर्यंत मागच्या डाव्या चाकावर बसलेली होती. रिक्षावाला दोनदा उतरून हवा बघून आला.

चोवीसला ऋता मॅडमनी माझी चाल पाहिली आणि टाळ्या वाजवल्या. रिपोर्टात लिहिलं, ‘चाल नॉर्मल.’ खाली सही, तारीख, आणि नियमात बसत नसताना एक हसरा चेहरा.

सत्तावीसला यार्डात कंपनीचे डॉक्टर टेबल टाकून बसले होते. मी शंभर मीटर चाललो. दोन्ही बाजूंना एकावर एक चार-चार कंटेनर, वर निळं आभाळ, मधून मी. इतकं सुंदर मी कधी चाललो नाही. डॉक्टरांनी ‘फिट’वर शिक्का मारला आणि माझ्याशी हात मिळवला. मग चष्म्यावरून माझ्या मागे पाहिलं.

“त्यांचीपण टेस्ट आहे का आज?”

“कुणाची, सर?”

“ते मागचे. त्यांना म्हणावं, आधी ते खाली ठेवा. मग चाला.”

मी नोकरीत आहे. रोज दहा किलोमीटर, आनंदाने. मावशी अजून दुपारी येतात. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की दोन पानं वाढतात. एक माझं. दुसऱ्यापाशी पाट मांडतात आणि दाराकडे बघून म्हणतात, “बसा की आता.” थोडा वेळ थांबतात. मग भाकरी पुन्हा तव्यावर टाकतात, गरम राहावी म्हणून.

त्यामुळे काल मी माथाडी मंडळाच्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला. आवक खिडकीवरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि शिक्का न मारता परत केला. तो इथे जसाच्या तसा देतो.

‘मा. महोदय, विषय: दिवंगत मुकादमास एका पाळीपुरतं कामावर हजर करून घेणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, कै. शिवराम, माजी मुकादम, लोखंड बाजार, कळंबोली, यांना सोयीच्या कोणत्याही दिवशी, शक्य नसल्यास अर्ध्या पाळीसाठी, ‘आठ, ठेवा’ हे दोन शब्द उच्चारण्याकरिता पाठवण्यात यावं. अन्य कोणतंही काम त्यांना दिलं जाणार नाही. बाजारात येण्याची आवश्यकता नाही; संबंधित कामगार सध्या अर्जदाराच्या राहत्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात, वझ्यासह उभे आहेत. ते बुटके असल्याने चौकटीला अडचण नाही, फक्त फरशीला तडा जात आहे. जेवण एक वाजता वाढलं जातं. तरी मा. मुकादमांनी त्याआधी यावं, ही नम्र विनंती.’